सहा महिन्यांची उसनवारी

ब्रह्मदेश म्हटले की मराठी वाचकाला प्रथम आठवतो तो मंडालेचा तुरुंग. लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ ही वर्षे तेथे काढली आणि ‘गीतारहस्य’ तेथेच लिहिले, ही गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या देशाचे पुढे काय झाले, याविषयीचे आपल्याकडील कुतूहल बहुधा तुरुंगाच्या दारापाशीच थांबते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच मंडालेत ब्रिटिशांनी आणखी एका राजबंद्याला डांबले होते. तो व्यवसायाने शिक्षक होता, वृत्तीने लेखक होता आणि राजकारणात आपण फार काळ राहणार नाही असे मित्रांना वारंवार सांगत असे. हा मनुष्य पुढे स्वतंत्र ब्रह्मदेशाचा पहिला पंतप्रधान झाला. त्याचे नाव ऊ नू. यांपैकी ‘ऊ’ हे वडीलधाऱ्या माणसाच्या नावामागे लागणारे आदरार्थी उपपद. ‘नू’ या शब्दाचा ब्रह्मी भाषेतील अर्थ मृदू, कोवळा.

या मृदू स्वभावाच्या पंतप्रधानाने १९४८ ते १९६२ या काळात तीन वेळा पंतप्रधानपद भूषविले. प्रामाणिकपणाविषयी त्यांच्या शत्रूंनीही शंका घेतली नाही. निवडणुका त्यांनी घेतल्या, न्यायालयांचे निकाल मानले, वृत्तपत्रांची टीका सोसली. असे असूनही ब्रह्मदेशाच्या लोकशाहीचा घात ज्या दिवसापासून सुरू झाला असे म्हणावे लागते, तो दिवस या लोकशाहीवादी पंतप्रधानाच्याच हातून उजाडला. २६ सप्टेंबर १९५८ रोजी ऊ नू यांनी देशाचा कारभार सरसेनापती जनरल ने विन यांच्याकडे सोपविण्याचा आपला निर्णय जाहीर केला. मुदत होती सहा महिन्यांची. त्या सहा महिन्यांची कथा ही ऊ नू यांच्या राजकीय जीवनाची कथा आहे, आणि बऱ्याच अंशी ती आजच्या म्यानमारचीही कथा आहे.

ऊ नू यांचा जन्म २५ मे १९०७ रोजी इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातील वाकेमा या गावी झाला. तो वार शनिवार होता. शनिवारी जन्मलेले मूल उपद्व्यापी निघते अशी तिकडे समजूत आहे; पुढे आपल्या आत्मचरित्राला ऊ नू यांनी ‘शनिवारचा पुत्र’ असेच नाव दिले. रंगून विद्यापीठाची पदवी १९२९ मध्ये घेतल्यावर ते पांतनॉ या लहानशा गावच्या राष्ट्रीय शाळेत काम करू लागले. तेथे त्यांना एक सहकारी मिळाला, ऊ थांट. एका खेड्यातील शाळेच्या शिक्षकांपैकी एकाने पंतप्रधान व्हावे आणि दुसऱ्याने संयुक्त राष्ट्रसंघाचा सरचिटणीस व्हावे, हा योग इतिहासात विरळाच म्हटला पाहिजे.

कायद्याच्या अभ्यासासाठी ते पुन्हा विद्यापीठात आले आणि विद्यार्थिसंघाचे अध्यक्ष झाले. १९३६ मध्ये विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांवर केलेल्या टीकेमुळे त्यांना काढून टाकण्यात आले. संघाच्या मुखपत्राचा तरुण संपादक आँग सान याच्यावरही तीच पाळी आली, आणि त्यातून त्या वर्षीचा विद्यार्थ्यांचा गाजलेला संप उभा राहिला. ब्रिटिश साहेबाला जो ‘थाकिन’, म्हणजे धनी, हा शब्द लावला जाई तो या तरुणांनी स्वतःच्या नावांमागे लावून घेतला. थाकिन नू यांनी मित्रांच्या साहाय्याने ‘नागानी’, म्हणजे तांबडा नाग, या नावाची ग्रंथमाला काढली. मित्र कसे जोडावेत हे सांगणारे डेल कार्नेगीचे लोकप्रिय पुस्तकही त्यांनी ब्रह्मी भाषेत आणले. मित्र जोडण्याची कला त्यांना खचित अवगत होती. सहकाऱ्यांना एकत्र ठेवणे ही निराळी विद्या आहे, आणि तिची परीक्षा पुढे व्हायची होती.

सत्ता त्यांच्याकडे आली ती रक्तातून. १९ जुलै १९४७ रोजी रंगूनच्या सचिवालयात मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना बंदूकधारी आत घुसले आणि त्यांनी आँग सान व त्यांच्या सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. आँग सान यांचे वय त्या वेळी अवघे ३२ वर्षांचे होते. एका राजकीय प्रतिस्पर्ध्याने, ऊ सॉ यांनी, हे कृत्य घडवून आणले होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असलेल्या देशाचे जवळजवळ सगळे नेतृत्व काही क्षणांत नाहीसे झाले. घटना समितीचे अध्यक्ष असलेले नू त्या खोलीत नव्हते म्हणून वाचले. त्याच दिवशी ब्रिटिश गव्हर्नर सर ह्युबर्ट रान्स यांनी त्यांना सरकार बनविण्यास पाचारण केले. ऑक्टोबरात नू यांनी लंडनला जाऊन ॲटली यांच्याशी करार केला, आणि ४ जानेवारी १९४८ रोजी ज्योतिष्यांनी काढलेल्या पहाटेच्या मुहूर्तावर ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. राष्ट्रकुलात राहण्याचेही त्याने नाकारले.

मुहूर्त शुभ असला तरी फळ तसे मिळाले नाही. तीन महिन्यांच्या आत कम्युनिस्टांनी बंड केले. त्यांचा पुढारी थान टुन हा ‘नागानी’ ग्रंथमालेतील नू यांचा जुना सोबती होता. आँग सान यांच्या स्वयंसेवक दलाचा मोठा भाग त्यानंतर फुटला. जानेवारी १९४९ मध्ये करेन जमातीच्या संघटनेने शस्त्र उचलले आणि लढाई राजधानीच्या वेशीवर, इन्सीनला, येऊन ठेपली. मंडालेही काही काळ बंडखोरांच्या हाती गेले. नू यांच्या सरकारला लोक उपहासाने ‘रंगूनचे सरकार’ म्हणू लागले. अशा वेळी पंतप्रधान धीराने खुर्चीवर बसून राहिले, दिल्लीहून नेहरूंनी शस्त्रे धाडली, राष्ट्रकुलातील देशांनी कर्ज दिले आणि बंडखोरांना आपसांत एकी करता आली नाही. या चारही गोष्टींच्या योगाने सरकार तगले.

पण तगण्याची किंमत द्यावी लागलीच. लष्कराचा प्रमुख स्मिथ डन हा करेन होता; त्याला दूर करून त्याच्या जागी ने विन यांना आणण्यात आले. हेही जुने थाकिनच. आँग सान यांच्याबरोबर जपान्यांकडून लष्करी शिक्षण घेतलेल्या ‘तीस सोबत्यां’पैकी ते एक होते. त्याच वर्षी, १९४९ मध्ये, ते उपपंतप्रधान झाले आणि गृह व संरक्षण ही खाती त्यांच्याकडे गेली. बंडे थोडी शमतात न शमतात तोच चिनी यादवीत हरलेल्या चँग कै-शेक यांच्या फौजा शान प्रांतात घुसून बसल्या. त्यांच्याविरुद्धची तक्रार ब्रह्मदेशाने १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेली, पण लढायचे होते ते लष्करालाच. देश वाचवला तो आपण, राजकारणी मंडळी नुसती भांडत राहिली, ही भावना छावणीत रुजली ती या वर्षांत.

१९५० नंतरची काही वर्षे ऊ नू यांच्या वैभवाची होती. कल्याणराज्याच्या ‘प्यिडॉथा’ योजनेचा गाजावाजा झाला. बाँडुंग येथे १९५५ मध्ये भरलेल्या आशियाई-आफ्रिकी परिषदेच्या पाच निमंत्रक देशांत ब्रह्मदेश होता. पेकिंग, मॉस्को आणि वॉशिंग्टन या तिन्ही ठिकाणी ऊ नू यांना सारख्याच अगत्याने वागविले जाई. रंगूनमध्ये १९५४ ते १९५६ या काळात सहावी बौद्ध संगीती भरली, आणि तिच्यासाठी डोंगरातील गुहेच्या धर्तीवर एक प्रचंड सभागृह बांधण्यात आले. पंतप्रधान स्वतः पहाटे उठून ध्यान करीत आणि मधूनच भिक्षूची चीवरे धारण करून विहारात राहत. १९४८ मध्येच, बंडाळीच्या ऐन धामधुमीत, त्यांनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले होते. सामान्य शेतकऱ्याला असा राज्यकर्ता देवमाणूस वाटला तर नवल नाही.

तथापि संताची लोकप्रियता आणि पक्षाची शिस्त या दोन भिन्न गोष्टी आहेत. राज्य करीत होता तो ‘फॅसिस्टविरोधी जनस्वातंत्र्य संघ’. जपान्यांशी लढण्यासाठी जमलेल्या नाना गटांची ती एक मोट होती. जपानी गेले, इंग्रज गेले, सत्ता तेवढी उरली, आणि मोटेत ओढाताण सुरू झाली. १९५६ च्या निवडणुकीत डाव्या विरोधकांनी बरीच मते घेतली, तेव्हा पक्ष स्वच्छ करण्यासाठी म्हणून ऊ नू यांनी पंतप्रधानपद सोडले आणि बा स्वे यांना त्या जागी बसविले. नऊ महिन्यांत ते परत आले. पक्ष होता तसाच राहिला होता. राजीनामा हा नैतिक उपाय आहे अशी ऊ नू यांची श्रद्धा होती. वास्तविक रोग पक्षाच्या जिल्ह्या-जिल्ह्यांतील दुकानदारीत होता, आणि तेथे बसून करावयाचे नीरस काम त्यांच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते.

एप्रिल १९५८ मध्ये संघ उघडपणे दुभंगला. एकीकडे ऊ नू आणि थाकिन टिन, दुसरीकडे बा स्वे आणि चॉ न्येन. एका गटाने स्वतःला ‘शुद्ध’ म्हणवून घेतले, दुसऱ्याने ‘स्थिर’. दोघांमध्ये विचारांचे म्हणावे असे अंतर नव्हते. भांडण व्यक्तींचे आणि त्यांच्या अनुयायांचे होते. जूनमध्ये अविश्वासाचा ठराव आला. तो ११९ विरुद्ध १२७, म्हणजे अवघ्या आठ मतांनी, फेटाळला गेला. आणि त्या आठ मतांसाठी कालपर्यंत ज्यांच्याशी वैर होते त्या डाव्या आघाडीचा आणि अल्पसंख्य जमातींच्या प्रतिनिधींचा टेकू ऊ नू यांना घ्यावा लागला. डाव्यांचा हा टेकू लष्कराला मुळीच रुचला नाही. शरण येणाऱ्या बंडखोरांना माफी मिळू लागली, तेव्हा कम्युनिस्टांसाठी राज्याचे दार उघडले जात असल्याची चर्चा छावण्यांतून सुरू झाली. दोन्ही गट आपापले सशस्त्र पाठीराखे जमवू लागले. अखेर आँग जी आणि माँग माँग हे दोन ज्येष्ठ लष्करी अधिकारी पंतप्रधानांना भेटले. हाताखालचे सेनाधिकारी उठाव करण्याच्या बेतात आहेत, असे त्यांच्या सांगण्याचे तात्पर्य होते.

यातून मार्ग निघाला तो असा : पंतप्रधानांनी सरसेनापतींना पत्र लिहून कारभार हाती घेण्याची विनंती करावयाची, सरसेनापतींनी ती मान्य करावयाची, संसदेने त्यांना रीतसर निवडावयाचे आणि सहा महिन्यांत त्यांनी निःपक्षपाती निवडणुका घ्यावयाच्या. २८ ऑक्टोबर १९५८ रोजी ऊ नू यांच्याच संसदेने जनरल ने विन यांना पंतप्रधान म्हणून निवडले. बाहेरून पाहता सगळे घटनेप्रमाणे झाले. संसदेचा सभासद नसलेल्या मनुष्याला सहा महिनेच मंत्री राहता येईल असे घटनेचे कलम होते. मुदत संपत आली तेव्हा परिस्थिती निवडणुकीला अनुकूल नसल्याचे सांगण्यात आले आणि १९५९ च्या आरंभी ते कलमच दुरुस्त करून घेण्यात आले. सहा महिन्यांचे दीड वर्ष झाले.

या दीड वर्षाच्या कारभाराची त्या वेळी देशोदेशी वाहवा झाली, हे विसरून चालणार नाही. रंगूनचे रस्ते झाडले गेले, भटकी कुत्री नाहीशी झाली, भाव उतरले, कार्यालयांत कारकून वेळेवर दिसू लागले. शहरातील झोपड्या हलवून लाखाहून अधिक माणसे ओक्कलापा आणि थाकेता या नव्या वस्त्यांत नेण्यात आली. शान संस्थानिकांनी आपले वंशपरंपरागत अधिकार सोडून दिले. सरकारने आपल्या कामगिरीचा एक जाडजूड अहवालही प्रसिद्ध केला आणि त्याच्या मथळ्यातच प्रश्न विचारला की, टाकलेला विश्वास सार्थ ठरला की नाही? शिस्त आणि स्वच्छता यांचे आकर्षण मध्यमवर्गाला सर्वत्रच असते. रस्ता झाडला जात आहे एवढे त्याला दिसते. झाडणाऱ्याच्या मनात कोणता विचार झाडूबरोबर फिरतो आहे, हे दिसत नाही.

लष्कराच्या मनात फिरणारा विचार साधा होता. राज्य करणे वाटते तितके अवघड नाही, असा त्याला शोध लागला होता. प्रांताधिकारी, पोलीस, नगरपालिका, गोदामे ही सगळी त्याने हाताळून पाहिली. सैनिकांना स्वस्त माल मिळावा म्हणून १९५१ मध्ये सुरू झालेली एक लष्करी संस्था या काळात जहाजे, बँक आणि मोठमोठी दुकाने चालवू लागली. छावणीतून सचिवालयात जाण्याची वाट एकदा पायाखालची झाली, की तीवरून पुन्हा जाण्यास आमंत्रण लागत नाही.

ऊ नू यांच्या बाजूने जे सांगितले जाते ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. लष्कराचे अधिकारी दारात उभे होते. नकार दिला असता तर बंदुका आत आल्या असत्या, भावाभावांत रक्तपात झाला असता आणि राज्यघटना त्या दिवशीच फाडली गेली असती. पंतप्रधानांनी रक्तपात टाळला, घटनेची चौकट राखली, आणि जनरलने शब्द पाळून फेब्रुवारी १९६० मध्ये निवडणुका घेतल्या. त्या निवडणुकाही अशा की लष्कराला जवळचा वाटणारा ‘स्थिर’ गट साफ हरला आणि ऊ नू मोठ्या बहुमताने परत आले. मग उसनवारीत चुकले काय?

चुकले ते येथे. आठ मतांचे का होईना, बहुमत पंतप्रधानांजवळ होते. कौल घ्यावयाचाच होता तर तो जनतेचा घेण्याचा मार्ग मोकळा होता, आणि जनता त्यांच्या बाजूची होती हे १९६० ने सिद्ध केले. पण पक्षातील भांडणाचा निवाडा मतदाराकडे जाण्याआधी सेनापतीकडे गेला. दोन्ही गटांना एकमेकांपेक्षा लष्कर बरे वाटले, आणि संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. बळजबरीने घेतलेली वस्तू निदान चोरीची म्हणून ओळखता येते. खुशीच्या कागदावर सही करून दिलेल्या वस्तूबद्दल पुढे तक्रार करण्यास तोंड राहत नाही. शिवाय उसने दिलेले परत आले म्हणजे घेणारा साव ठरला असेही नव्हे. देणारा किती गाफील आहे, तिजोरीची किल्ली कोठे असते, हे त्याला कळलेले असते. ने विन यांनी १९६० मध्ये सत्ता परत केली. सत्ता आपली आहे, ती आपण परत देत आहोत, ही जाणीव मात्र लष्कराने जवळ ठेवली.

परत आलेल्या ऊ नू यांनी या दुसऱ्या संधीचे काय केले? बौद्ध धर्म हा राज्याचा धर्म करण्याचे आश्वासन त्यांनी निवडणुकीत दिले होते, आणि ऑगस्ट १९६१ मध्ये तशी घटनादुरुस्ती झाली. ख्रिस्ती काचिन आणि मुसलमान बिथरले. त्यांची समजूत काढण्यासाठी लगोलग इतर धर्मांना संरक्षण देणारी दुसरी दुरुस्ती आणली, तेव्हा भिक्षूंचे एक टोक रागावले. त्याच वर्षी काचिन प्रदेशात नवे बंड उभे राहिले. पक्ष पुन्हा दोन तट पडून भांडू लागला. गोवधबंदी झाली आणि अरिष्ट टळावे म्हणून देशभर वाळूचे हजारो स्तूप उभारले गेले. पंतप्रधानांनी पुढच्या निवडणुकीत आपण पक्षाचे नेतृत्व करणार नसल्याचे जाहीर केले. देशाच्या मुळाशी असलेला जो खरा प्रश्न, म्हणजे सीमेवरील जमातींना संघराज्यात न्याय्य वाटा देण्याचा, त्याला त्यांनी हात घातला तो १९६२ च्या फेब्रुवारीत. शान व इतर नेते रंगूनमध्ये जमले. घटना खऱ्या अर्थाने संघीय करावी अशी त्यांची मागणी होती. पंतप्रधान ती शांतपणे ऐकून घेत होते, आणि हे त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत शहाणपणाचे काम होते असे म्हणता येईल.

ते पुरे झाले नाही. २ मार्च १९६२ च्या पहाटे रणगाडे रस्त्यावर आले. पंतप्रधान, मंत्री, सरन्यायाधीश आणि परिषदेसाठी आलेले शान नेते यांना अटक झाली. या वेळी पत्र लिहिले गेले नाही, मुदत ठरली नाही, संसदेला विचारले गेले नाही. संसदच बरखास्त झाली. संघराज्याच्या मागणीमुळे देश फुटत होता, असे कारण देण्यात आले. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष साओ श्वे थैक यांचा कोवळा मुलगा त्या रात्री घरीच गोळीला बळी पडला, आणि ते स्वतः त्याच वर्षी कैदेत वारले. जुलैमध्ये विद्यार्थ्यांनी निषेध केला तेव्हा विद्यापीठात गोळीबार झाला, आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थिसंघाची इमारत सुरुंगाने उडविण्यात आली. ज्या संघाचा अध्यक्ष म्हणून ऊ नू सार्वजनिक जीवनात आले, त्याची इमारतही उरली नाही. पुढे दुकाने, गिरण्या, बँका सरकारजमा झाल्या. १९६४ मध्ये मोठ्या नोटा रद्द झाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेले लाखो भारतीय जवळजवळ रिकाम्या हातांनी जहाजात चढले. युद्धापूर्वी जगात सर्वाधिक तांदूळ निर्यात करणारा हा देश १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सर्वांत मागासलेल्या देशांच्या यादीत जाऊन बसला.

ऊ नू १९६६ मध्ये सुटले. ने विन यांनी माजी नेत्यांचे एक सल्लागार मंडळ नेमले, तेव्हा त्यांनी १९६९ मध्ये सुचविलेला तोडगा मोठा सूचक होता : जुनी संसद पुन्हा बोलवावी, आपल्याला पंतप्रधान करावे, आणि मग आपण ने विन यांना कायदेशीरपणे सत्ता देऊ. १९५८ चे औषध त्यांना अद्यापही औषधच वाटत होते! तो तोडगा फेटाळला गेला. त्या वर्षी तीर्थयात्रेच्या निमित्ताने ते भारतात आले, तेथून लंडनला गेले आणि आपणच ब्रह्मदेशाचे कायदेशीर पंतप्रधान आहोत असे त्यांनी जाहीर केले. अहिंसेचा हा उपासक थायलंडच्या सीमेवरून सशस्त्र लढा उभारू लागला. ज्या करेनांशी १९४९ मध्ये लढाई झाली त्यांच्याशी त्याने युती केली. जमातींना फुटून निघण्याचा हक्क द्यावा की नाही, या मुद्द्यावर १९७२ मध्ये तो डावही मोडला. त्यानंतरची काही वर्षे ऊ नू यांनी भारत सरकारच्या आश्रयाने भोपाळमध्ये काढली. सार्वत्रिक माफीनंतर १९८० मध्ये ते मायदेशी परतले आणि बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरात रमले.

तरीही ‘कायदेशीर पंतप्रधान’ हा शब्द त्यांना सोडवेना. १९८८ च्या ऑगस्टमध्ये सारा देश रस्त्यावर उतरला, तेव्हा ८१ वर्षांच्या ऊ नू यांनी ९ सप्टेंबरला आपले समांतर सरकार घोषित केले. आँग सान यांची कन्या सू ची आणि इतर नेते त्यांच्यामागे गेले नाहीत. नऊ दिवसांत लष्कराने पुन्हा सूत्रे घेतली. ऊ नू यांना १९८९ च्या अखेरीपासून १९९२ पर्यंत नजरकैद सोसावी लागली. १४ फेब्रुवारी १९९५ रोजी ते वारले. सव्वीस वर्षांपूर्वी हिरावलेल्या पदावर हक्क सांगणारा म्हातारा म्हणून जग त्यांना हसले. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. कायद्याने ते खरेच बरोबर होते. पण कायद्याचे अक्षर राखले म्हणजे त्याचा प्राण राखला जातो, हा समज १९५८ मध्ये त्यांनीच देशाला शिकविला होता. त्याच समजाने अखेर त्यांना एकटे पाडले.

त्यानंतरचा इतिहास जणू त्या पाठाची उजळणी आहे. १९९० ची निवडणूक सू ची यांच्या पक्षाने जिंकली. लष्कराने निकाल अमलात आणलाच नाही. २००८ च्या घटनेने संसदेच्या चतुर्थांश जागा आणि गृह, संरक्षण व सीमा ही तीन खाती लष्कराच्या स्वाधीन केली. म्हणजे जी गोष्ट ऊ नू यांनी मुदतीने दिली होती ती आता मुदतीवाचून लिहून घेण्यात आली. २०१५ मध्ये सू ची यांचा पक्ष प्रचंड बहुमताने निवडून आला आणि याच घटनेखाली लष्कराशी जुळवून घेत राज्य करू लागला. २०२० मध्ये तो पुन्हा जिंकला, तेव्हा १ फेब्रुवारी २०२१ रोजी, नवी संसद भरण्याच्या दिवशीच, लष्कराने सत्ता घेतली. आणीबाणी जाहीर झाली ती एका वर्षासाठी. मग सहा-सहा महिन्यांच्या मुदतवाढी सुरू झाल्या आणि ती २०२५ च्या जुलैअखेरपर्यंत चालली. सहा महिने या शब्दांना रंगूनच्या राजकारणात कोणता अर्थ आहे, हे १९५८ च्या पिढीतील एखादा वृद्ध सहज सांगू शकला असता.

ऊ नू यांना खलनायक ठरविण्याचे कारण नाही. त्यांच्यानंतर ज्यांनी राज्य केले त्यांच्या तुलनेत त्यांची चौदा वर्षे ब्रह्मी जनतेच्या आठवणीत सुवर्णकाळ म्हणून राहिली तर ते योग्यच आहे. त्यांच्या राज्यात संपादक सरकारवर तुटून पडत आणि घरी जाऊन झोपत. न्यायाधीश सरकारविरुद्ध निकाल देत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आसनावर बसत. हे थोडे नव्हे. पण म्हणूनच त्यांच्या चुकीकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. दुष्ट राज्यकर्त्याच्या हातून लोकशाही बुडाली तर त्यातून शिकण्यासारखे फारसे नसते. सज्जन, निःस्वार्थी, लोकांना प्रिय अशा नेत्याच्या हातून, चांगल्या हेतूने, घटनेतील कलमांचा आधार घेऊन ती निसटली, तर तो प्रसंग प्रत्येक लोकशाही देशाने आपल्या पाठ्यपुस्तकात घालावा असा असतो.

पंतप्रधानपद ही पंतप्रधानाची मालमत्ता नव्हे. ती मतदारांनी ठेवायला दिलेली ठेव असते. ज्याच्याकडे ठेव ठेवली त्याला ती सांभाळता येईनाशी झाली, तर मूळ धन्याकडे ती परत नेऊन देणे एवढाच अधिकार त्याला उरतो. शेजारच्या बळकट माणसाला ती सहा महिने वापरायला देण्याचा उरत नाही, मग तो माणूस कितीही शिस्तीचा आणि शब्दाचा पक्का असो. ऊ नू यांनी आयुष्यभर कोणाची कवडी घेतली नाही. आपली नव्हती अशी एकच वस्तू त्यांनी उसनी दिली, आणि ब्रह्मदेशाची जनता ती अजून परत मागत आहे.